आमची चूल इथं नाही

सरकारी कागदावर आमच्या घराचं नाव 'तात्पुरता निवारा' असं होतं. या तात्पुरत्या निवाऱ्यात मी सहावीत असताना गेले आणि ट्रंक उचलून बाहेर पडले तेव्हा पुसदला नर्सिंगच्या शाळेत माझा नंबर लागला होता. मधल्या काळात मी साडी नेसायला शिकले, मोठेबाबांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या, दोन मुलींची लग्नं त्या शेडसमोरच्या मांडवात लागली आणि पत्र्यांना गंज चढून भोकं पडली. ज्यानं कुणी 'तात्पुरता' हा शब्द लिहिला, त्याला मी एकदा तरी वैशाखातल्या दुपारी त्या पत्र्याखाली बसवलं असतं. माझी नोकरी संपून आता बरीच वर्षं झाली. रक्तदाबाच्या गोळ्या मी खाते आणि डॉक्टर म्हणतात, बाई, चिडत जाऊ नका. पण हे प्रकरण चिडल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही.

आमचं गाव पैनगंगेच्या काठाला, ढाणकीच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. श्रावणातल्या एका सकाळी नदी गावात शिरली आणि दुपारपर्यंत आमच्या बौद्ध वस्तीतलं एकही घर उभं राहिलं नाही. वस्ती सगळ्यात खाली, नदीच्या बाजूला. ती तिथं कोणी आणि का वसवली होती, हे या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. माणसं मात्र वाचली. आमच्या घरातलं कोणी गेलं नाही म्हणून पुढं कित्येक वर्षं भेटेल तो आम्हाला 'नशीबवान आहात' म्हणायचा, आणि नशीबवान माणसाला रडायची सोय नसते. ढाणकीच्या रस्त्याला लागून मुरमाचा एक उंचवटा होता. तिथं सरकारनं टिनाची लांबच लांब शेडं ठोकली आणि मध्ये टिनाच्याच भिंती घालून एकेका कुटुंबाला एकेक खोली दिली. या भिंती छतापर्यंत पोचत नव्हत्या. त्यामुळे शेजारच्या खोलीतला मोठेबाबांचा खोकला, पलीकडच्या सासूचं सुनेला टाकून बोलणं, कोणाच्या तव्यावर आज काय पडलं, सगळं सगळ्यांना ऐकू यायचं. पाऊस आला की मात्र काहीच ऐकू यायचं नाही. पत्रा वाजायला लागला की आई हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहायची आणि पाऊस थांबेपर्यंत तिथून हलायची नाही. अर्धी थापलेली भाकर परातीत तशीच वाळून जायची. मी म्हणायचे, "माय, नदी कुठं राहिली, आपण तर टेकडावर हावो." ती म्हणायची, "माह्या डोकशाले समजते व. पायाले नाही समजत."

बाबा शिलाईचं काम करायचे. गावात त्यांच्या हातच्या कुडत्यांना मागणी होती आणि लग्नसराईत त्यांना जेवायला फुरसत नसायची. पुरानंतर चार दिवसांनी त्यांची मशीन पडलेल्या भिंतीखाली, गाळानं गच्च भरलेली सापडली. शेडमध्ये आल्यावर रोज सकाळी चहा झाला की बाबा ती मशीन दारापाशी ओढायचे, एकेक पुर्जा काढायचे, रॉकेलच्या फडक्यानं पुसायचे, परत बसवायचे. असं दुपारपर्यंत. मशीन उत्तम चालत होती. मी स्वतः त्यावर माझा फाटलेला परकर शिवलेला आहे. पण बाबांनी पुरानंतर एक टाका घातला नाही. कोणी कापड घेऊन आलं की म्हणायचे, "आत अजून माती हाय. साफ होऊ दे, मग पाहू." हळूहळू लोक यायचे बंद झाले, आणि नंतर नंतर बाबा बोलायचेही बंद झाले. नर्सिंगच्या पुस्तकात मला पुढं या अवस्थेचं नाव सापडलं तेव्हा मी वर्गात बसल्या बसल्या रडले होते. तेव्हा वस्तीकडे त्यासाठी एकच नाव होतं, किसन येडा झाला. घर चालवायचं काम अर्थातच आईवर आलं. सकाळी निंदायला नाहीतर कापूस वेचायला जायची आणि संध्याकाळी येऊन स्वयंपाकाला लागायची.

आता आईच्या चुलीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. आई, सुभद्रा तिचं नाव, चूल मांडण्यात पंचक्रोशीत पटाईत होती. वारुळाची माती, त्यात बारीक कुटार, म्हणजे भुसा, आणि शेण, दोन दिवस भिजवून पायानं तुडवलेला चिखल, आणि मग नुसत्या तळहातानं ती चुलीला असा बाक द्यायची की जाळ इकडे तिकडे न जाता भांड्याच्या बुडालाच लागायचा. भांडं टेकायला वर तीन उंचवटे, बाजूला दुसरं भांडं ठेवायला वैल. सावलीत आठ-दहा दिवस वाळवायची, उन्हाला दाखवायचीसुद्धा नाही. तिची चूल तडकली असं कोणी पाहिलं नव्हतं. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात तिच्या हातची चूल होती. गावातल्या मोठ्या घरच्या बायका तिला आपल्या स्वयंपाकघरात येऊ द्यायच्या नाहीत, पण मातीत कुटार किती घालायचं ते विचारायला विहिरीवर बरोबर गाठायच्या. आणि आई सांगायचीही, कारण शहाणपण लपवून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. मी तिच्या जागी असते तर वाळू घालायला सांगितली असती.

अशा या बाईनं शेडमध्ये चूल मांडली नाही. बाकीच्या बायकांनी आठवडाभरात चुली मांडल्या, मोठ्याआईनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, शेजारी मांडली. आईनं खोलीच्या बाहेर, पत्र्याच्या वळचणीखाली तीन दगड ठेवले, त्यावर स्वयंपाक करायची आणि झालं की राख भरून दगड बाजूला सारायची. तीन पावसाळे तिनं असे काढले. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांचं वरण, सगळं त्या दगडांवर. वारं असलं की भाकर एकीकडून करपायची, एकीकडून कच्ची राहायची. मोठीआई म्हणायची, "काहून जिवाले त्रास करून घेऊन राह्यली? मातीचाच तर गोळा हाय, टाक मांडून." आई म्हणायची, "चूल घरात मांडतेत बाई. हे काय घर हाय? इथं चूल मांडली की इथंच मराची तयारी झाली." मलाही तिनं पढवूनच ठेवलं होतं. कोणी विचारलं तर मान खाली घालायची नाही, सरळ सांगायचं, आमची चूल इथं नाही. आपलं घर झालं की पहिली मांडीन ती चूल. मला तिचा फार अभिमान वाटायचा. आख्ख्या शेडमध्ये एकटी माझी आई हरलेली नाही, असं मी समजत होते.

मधल्या काळात शहरातून काही माणसं छापलेले कागद घेऊन यायची आणि प्रश्न विचारायची. झोप लागते का, भूक लागते का, छाती धडधडते का, जगावंसं वाटत नाही असं होतं का. हो किंवा नाही. आई त्यातल्या मॅडमला म्हणाली, "झोप नाही लागत हे खरं हाय ताई. पण त्याच्यावर गोळी कायले? घर द्या ना. घर द्या, मी आज झोपतो." मॅडमनी काय लिहिलं कोण जाणे, पण पुढच्या खेपेला पांढऱ्या गोळ्यांची पुडी आली. 'टेन्शन' हा शब्द आमच्या वस्तीत तेव्हाच आला आणि असा रुळला की कोंबडं आजारी पडलं तरी त्याला टेन्शन झालं म्हणायचे. हसू येतं, पण हसू नये. मागच्या पावसाळ्यात आमच्याच तालुक्यातली काही कुटुंबं पुरानं घराबाहेर काढली आणि शाळेच्या वर्गांत ठेवली, तेव्हा मी सवयीनं भेटायला गेले. एक गोड पोरगी हातात मोबाइल घेऊन एका बाईला विचारत होती, झोप लागते का? मी तिला म्हटलं, बाळा, खाली एक ओळ घाल, यांना घर कधी देणार? ती म्हणाली, "मॅडम, तसा कॉलम नाहीये." एवढी वर्षं गेली, कागदाचा मोबाइल झाला, तो कॉलम काही आला नाही.

तर, मी नववीत असताना बातमी आली की नवीन गावठाण मंजूर झालं, प्लॉट पडणार, आणि कोणाकोणाला द्यायचा हे बघायला तालुक्याच्या कचेरीतला बाबू येणार. बाबू आला तो कार्तिकातल्या एका सकाळी. आई कापूस वेचायला गेली होती. बाबा दारात मशीन उघडून बसले होते. बाबूनं त्यांना नाव विचारलं, कुटुंबात माणसं किती विचारलं. बाबा पुर्जा पुसत राहिले. बाबूनं दुसऱ्यांदा विचारलं, मग वैतागून दारात माझ्याकडे बघितलं. मी पुस्तक ठेवून उठले. साहेबाशी बोलायचं म्हणून शाळेतली मराठी काढली आणि सगळं नीट सांगितलं. मग तो म्हणाला, "चूल कुठं आहे?" मी मान ताठ केली आणि म्हणाले, "आमची चूल इथं नाही."

त्यानं लिहिलं. मग आत डोकावून झाकलेल्या पातेलीकडे बोट दाखवलं. "ही भाजी कुठली?" ती मोठ्याआईकडून आली होती. आमच्याकडे शेजारी वाटी द्यायची रीत आहे, काही वेगळं केलं की द्यायची, आणि आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही. आदल्या दिवशी आम्ही ठेचा दिला होता, त्या दिवशी वांगी आली. मी म्हणाले, "मोठ्याआईची." तेही त्यानं लिहिलं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "हुशार आहे मुलगी." मला आनंद झाला. त्या आनंदाची लाज मला आजही वाटते. प्लॉट एका चुलीला एक, स्वतंत्र चूल म्हणजे स्वतंत्र कुटुंब, असा नियम होता आणि तो माणूस चुली मोजायला आला होता. हे त्यानं शेडमधल्या एकालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी एकाच्या दोन चुली केल्या असत्या, असं पुढं तालुक्याच्या कचेरीत मीच माझ्या कानांनी ऐकलं. म्हणजे आम्ही चोर, हे आधीच ठरलेलं.

यादी लागली शाळेच्या भिंतीवर. शेडमधलं वाचणारं माणूस म्हणजे मी, त्यामुळे सगळे माझ्यामागे गोळा झाले आणि मी एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले. नाव आलं की मागून "जयभीम!" म्हणून आवाज उठायचा, कोणी कोणाला मिठी मारायचं. आई तशीच वावरातून आली होती, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. मी यादीच्या तळाला पोचले. परत वर गेले. मग मला बाबांचं नाव दिसलं. ते मोठेबाबांच्या नावाखाली होतं, कंसात, 'एकत्र, चूल नाही'. आई म्हणाली, "आपलं वाच ना व." मी वाचलं. मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "कोणी सांगतलं त्याले चूल नाही म्हणून?" आणि माझ्या तोंडाकडे बघून तिला उत्तर कळलं.

त्या संध्याकाळी मोठेबाबा आमच्या खोलीत आले. वाईट माणूस नव्हता तो. प्लॉटचे दोन भाग करू म्हणत होते, पण त्यांच्याच घरात सहा माणसं. शेवटी म्हणाले, "उद्या कचेरीत जाऊ. सांगू का पोट्टी लहान हाय, तिले समजलं नाही, खोटं बोलून गेली. मुकाट्यानं बदलून देतीन." आई थोरल्या दिराशी सरळ बोलत नसे, डोक्यावर पदर घेऊन माझ्याकडे बघून बोलायची. ती म्हणाली, "सांग व मोठ्याबाबाले. माही पोरगी खोटं बोलली नाही. मी शिकवलं तेच बोलली. तिले खोटी पाडून मले घर नाही पाहिजे." बाबा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी ढाणकीहून एसटीनं कचेरीत गेलो. बाबूच्या टेबलापुढं आईनं जे सांगितलं ते मी शब्दन् शब्द लिहू शकते. "साहेब, तीन साल झाले, तीन दगडावर राबून राह्यली मी. तुम्ही म्हणता चूल नाही. मंग आम्ही काय हवा खात होतो का? माह्या घरची चूल पैनगंगेनं नेली, ते तुमच्या कागदात काहून नाही?" बाबूनं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या शांतपणाची मला अजून चीड येते. ओरडला असता तर माणूस तरी वाटला असता. तो म्हणाला, "बाई, माझ्या हातात काही नाही. दगड चूल धरता येत नाहीत. तुम्ही आत व्यवस्थित चूल मांडा, आठ दिवसांत फेरतपासणीला येतो, चूल दिसली की नाव वेगळं करून देतो. सोपं आहे." सोपं आहे म्हणाला. एसटीतून उतरल्यावर आई म्हणाली, "माती आणाले जाऊ."

शेडभोवतीची मुरमाड माती चुलीच्या कामाची नाही. आम्ही दोघी टोपल्या घेऊन जुन्या गावात गेलो. पुरानंतर आई तिथं पहिल्यांदाच आली होती. आमच्या घराच्या जागी काटेरी बाभळी माजल्या होत्या. ती कुठंही बघायला थांबली नाही. नेहमीच्या वारुळाची माती भरली आणि मागे वळली. दोन दिवस चिखल भिजवायला वेळ नव्हता, एका दिवसात उरकला. मांडायला बसली तेव्हा शेडमधल्या बायका दारात दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. आईनं बाक दिला, तो ढासळला. परत दिला, परत ढासळला. मोठीआई पुढं होऊन म्हणाली, "सरक, मी करतो." आई म्हणाली, "नको बाई. माह्याच हातानं होऊ दे." तिसऱ्यांदा ती कशीबशी उभी राहिली. सावलीत वाळायला आठ दिवस कुठून आणायचे? उन्हात ठेवली, आणि माझ्या आईच्या हातची चूल मधोमध तडकली. तिनं वरून पोतेरं फिरवून ती भेग बुजवली, आत नेऊन बसवली आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली.

बाबू जीपमधून उतरला, दारातूनच वाकून पाहिलं. म्हणाला, "नवीनच दिसते." आई म्हणाली, "तुम्हीच सांगतली." तो जरा हसला. "ठीक आहे, कागदाला चालते." तिच्यावर एकदाही जाळ झाला नाही हे कोणालाही दिसलं असतं. आईनं विचारलं, "पेटवून दाखवू का?" तो तोवर जीपकडे वळला होता. आमचं नाव वेगळं झालं. प्लॉट मिळाला. त्यावर चार भिंती चढायला आणखी काही वर्षं गेली. तोवर आई त्या तडकलेल्या चुलीवरच रांधत राहिली, कारण आता न रांधायला कारणच उरलं नव्हतं.

मी पुसदहून पहिल्या सुट्टीत आले ती सरळ नव्या घरी. विटांच्या भिंती, वर कवेलू, दाराला आईनं निळा रंग दिला होता. बाबा ओट्यावर मशीन उघडून बसले होते. आत गेले तर स्वयंपाकाची जागा सारवलेली, कोपरा मोकळा, आणि एका फळीवर रॉकेलचा स्टोव्ह. मला वाटलं वेळ मिळाला नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच जाऊन दोन टोपल्या वारुळाची माती आणली, कुटार मागून आणलं आणि आईसमोर ठेवलं. म्हणाले, "माय, आता तर आपलं घर हाय. आता मांड."

ती मातीकडे बघत राहिली. त्यातलं ढेकूळ उचलून बोटांत चुरलं. माती चांगली होती.

"मांडली ना व," ती म्हणाली.

"ते तर शेडात. त्या बाबूले दाखवाले."

"हो," आई म्हणाली. "तेवढीच होती माह्याजवळ."

आणि स्टोव्हला पंप मारू लागली.